कोपरा ९० अंशांचा आहे असं समजू

अमेरिकेतली घरं लाकडाच्या सांगाड्यावर तक्ते ठोकून उभी करतात आणि जिथे म्हणून काही नीट जुळत नाही तिथे एक लाकडी पट्टी मारतात. भिंत आणि जमीन जुळत नाही, मारा पट्टी. दार आणि भिंत जुळत नाही, मारा पट्टी. पुण्यात गवंड्याने फरशीचीच चार इंची स्कर्टिंग सिमेंटात बसवली असती आणि चहा पिऊन गेला असता. इथे न्यू जर्सीत आम्ही हॉलमध्ये लॅमिनेटची जमीन घातली. ती खाली चिकटवत नाहीत, नुसती अंथरतात. उन्हाळ्याच्या दमट हवेत ती फुगते, थंडीत हीटर लागला की आकसते, म्हणून चारी भिंतींच्या कडेला पाव इंचाच्या आसपास फट सोडावी लागते. फट आली की पट्टी आली आणि पट्टी आली की सुतार आला. सुताराने मजुरीचा आकडा सांगितला तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्यात मशीन येईल." ती वैतागून म्हणाली होती. मी ते अंदाजपत्रक मंजूर झालं असं धरलं.

मशीन म्हणजे कंपाउंड मायटर सॉ. धातूचं टेबल, मागे सरळ उभी कड, वर गोल पातं आणि ते खाली आणायला हँडल. टेबल डावी-उजवीकडे फिरतं तो मायटर, पातं बाजूला कलतं तो बेव्हल, दोन्ही एकदम केलं की कंपाउंड. इथपर्यंत कुणालाही समजेल. पुढे प्रश्न सुरू होतात. पातं १० इंची की १२? ते पुढे-मागे सरकणारं हवं की जागच्या जागी बसणारं? एकाच बाजूला कलणारं चालेल की दोन्ही बाजूंना? रेषेसाठी लेझर, की पात्याची सावली पाडणारा दिवा? आम्ही सॉफ्टवेअरवाले. एक्सेल उघडली. तिच्यात रकाने वाढत गेले आणि हॉलच्या कडेची फट तशीच राहिली.

मंडळातल्या मित्रांना विचारलं ही पुढची पायरी. एकाकडे १२ इंची, सरकणारं, दोन्हीकडे कलणारं मशीन आहे. वजन २५ किलोच्या वर. पातं ज्यांवरून सरकतं त्या नळ्या मागे बाहेर येतात, त्यामुळे ते गॅरेजमध्ये भिंतीपासून फूटभर पुढे ओढून ठेवावं लागतं आणि म्हणून त्याची गाडी आता बाहेर बर्फात असते. त्याचं ठाम मत, "घ्यायचं तर मोठंच घे." त्याने त्यावर आजवर काय कापलं याची चौकशी केली तेव्हा कळलं, गणपतीच्या मखराचं थर्माकोल.

दुसऱ्याने मला थेट विचारलं, "तुझ्याकडे ड्रिल कुठल्या रंगाचं आहे?" इथे अवजारांची घराणी रंगावरून ओळखतात. पिवळं म्हणजे डीवॉल्ट, लाल म्हणजे मिलवॉकी, निळसर हिरवं म्हणजे मकिता, पोपटी म्हणजे रिओबी. एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य, इथे सगोत्रच पाहिजे. मी म्हटलं, मी वायरवालं घेणार. त्यावर त्याने आंतरजातीय लग्नाची बातमी ऐकावी तसा चेहरा केला आणि विषय बदलला.

या सगळ्यात आमचे सासरे घरी होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले, आणि तळ्याभोवती रोज तेच चालून कंटाळलेले. सामानात त्यांनी भाजणी आणि मेतकुटाबरोबर काटकोन तपासायचा एक लोखंडी गुण्याही आणला होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

"जावईबापू, आधी भिंती बघा, मग मशीन बघा," असं म्हणून ते गुडघ्यावर बसले. हॉलच्या पहिल्याच कोपऱ्यात गुण्या बसेना. मग त्यांनी एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि तिरका टेप लावला. काटकोन असता तर पाच फूट यायला हवे होते. पाच फूट आणि वर चांगले सहा सूत, म्हणजे पाऊण इंच आले. "एक्क्याण्णव अंशांच्याही पुढे गेलाय," ते म्हणाले, आणि खात्यातल्या एखाद्या कंत्राटदाराचं बिल परत पाठवताना आला असेल तसा समाधानी आवाज आला. पुढचा कोपरा ८९ निघाला. घरात काटकोन एकच सापडला, तो फ्रीजच्या खोक्याला.

आणि मी अंशाचा दहावा भाग मोजणाऱ्या मशीनच्या शोधात होतो.

दुकानात त्यांना नेलं ते बरं केलं की काय, अजून ठरवता येत नाही. तिथे मांडलेल्या मशीनच्या पट्टीवर ०, १५, २२.५, ४५ अशा खाचा होत्या. त्या त्यांना पटल्या: सरळ काप, मग खिडकीच्या १३५ अंशांच्या कोपऱ्याला साडेबावीस, काटकोनाला पंचेचाळीस. पण मध्येच ३१.६ ला एक खाच, आणि पातं कलण्याच्या पट्टीवर ३३.९ ला एक खूण. त्यांना छापखान्याची चूक वाटली. विक्रेत्याने सांगितलं, ती छताच्या कडेच्या पट्टीसाठी, क्राउन मोल्डिंगसाठी आहे. ती पट्टी भिंतीशी ३८ अंशांत तिरकी बसते, त्यामुळे टेबलावर आडवी ठेवून कापायची तर दोन्ही कोन एकदम लावावे लागतात. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. सासऱ्यांनी पावतीच्या मागे आकडेमोड सुरू केली. ३८ चा साईन ०.६१५७. ज्या कोनाचा टॅन तेवढा, तो ३१.६. मग ३८ चा कोसाईन गुणिले ४५ चा कोसाईन, त्यावरून ३३.९. "बरोबर आहे," त्यांनी दुकानाला कळवलं. मागे रांगेत प्लायवूड घेऊन उभा असलेला माणूस टाळ्या वाजवायचा तेवढा राहिला.

निर्णय मात्र शेजारच्या आजोबांमुळे झाला. ते आयुष्यभर दारं-खिडक्यांच्या चौकटी बसवत आले. माझी एक्सेल त्यांनी सभ्यपणे पाहिली आणि विचारलं, "आतले कोपरे किती, बाहेरचे किती?" आतले जवळजवळ सगळे. ते हसले. आतल्या कोपऱ्यात दोन पंचेचाळीस जुळवतच नाहीत म्हणे. एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवायची. दुसरी मशीनवर पंचेचाळीसला कापली की नक्षीची कड उघडी पडते, त्या कडेवरून बारीक हातकरवतीने मागचं लाकूड काढायचं आणि ती पहिलीच्या अंगावर बसवायची. मग कोपरा ८९ असो की ९२, जोड मिटतो. त्या हातकरवतीची किंमत एक्सेलमध्ये नव्हतीच, कारण ती जेवणाच्या बिलाइतकी होती.

तेव्हा घेतलं ते १० इंची, न सरकणारं, वायरवालं. जमिनीच्या कडेच्या पट्ट्यांना ते पुरून उरतं. जे पैसे वाचले त्यातून ८० दातांचं पातं घेतलं, आणि कुणी माझं ऐकणार असेल तर ऐका: मशीन हलकं घ्या, पातं भारी घ्या. सोबत येतं ते पातं बहुधा कमी दातांचं असतं, घराचा सांगाडा कापायला उत्तम; रंगवलेल्या पट्टीच्या कडेचे ते तुकडे उडवतं. पातं पूर्ण वेगात आल्यावरच खाली आणायचं आणि थांबल्यावरच वर घ्यायचं, हेही आजोबांचंच. पाठीमागची भुसा गोळा करणारी पिशवी ही नावाची पिशवी. भुसा गाडीवर, बुटांत आणि बायकोच्या मते आमटीतही जातो.

मशीनवर १५ अँपिअर लिहिलेलं आहे. गॅरेजची लाईनही तेवढीच, आणि तिच्यावर आमचा डीप फ्रीझर आहे, ज्यात खवलेला नारळ आणि उकडीच्या मोदकांची पिठी असते. जाड लाकडात पातं शिरताना फ्रीझर सुरू झाला की फ्यूज उडतो. आता कापायच्या आधी मी वर ओरडून विचारतो, "नारळ बंद करू का?"

पट्ट्या लागल्या. खिडकीजवळ बाहेरच्या एकमेव कोपऱ्यात अर्ध्या सुताहून कमी फट राहिली, जी फक्त सोफ्यावर बसलेल्या बायकोला दिसते. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी भरली आणि रंग दिला. आता ती म्हणते, जमीन झाली, तर छताच्या कडेलाही पट्टी हवी.

सासऱ्यांची सहा महिन्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. काल त्यांनी मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज माझ्याकडून समजावून घेतला, आणि विचारलं, कारणाच्या रकान्यात '३१.६' लिहिलेलं चालेल का.