वाट बघायला लावणारा माणूस

"प्रेम आहे हो त्याचं, फक्त दाखवता येत नाही." हे वाक्य आमच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलकडे पुरुषांबद्दल इतक्या सहज बोललं जातं की आता मला त्याचा राग यायला लागलाय. ज्याच्यासाठी दाखवायचं त्या माणसाचा दिवस कसा जातो हेच माहीत नसेल तर प्रेम असून करायचं काय?

माझ्या मावसभावाबद्दल लिहितेय, त्याला आणि वहिनीला दोघांना विचारूनच, नावं टाकत नाही. दादाची स्वतःची केळीची बाग आहे, शिवाय आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल घेऊन दिल्ली-पंजाबकडे गाड्या भरतो. हुशार आहे, कष्टाळू आहे, व्यसन नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा घरचं लग्न असल्यासारखा पेढे वाटत फिरला होता. वहिनीवर जीव आहे म्हणाल तर आहेच, लग्नच आवडीनं केलेलं, साड्या, दागिने, मनुदेवीच्या दर्शनाला जाणं, सगळं. पण या माणसाच्या हिशोबात दुसऱ्याचा वेळ हा फुकट होता. मला वाटतं स्वार्थी माणूस ओळखायचा तो इथेच, तो पैसे देताना मोठं मन दाखवेल पण तुम्हाला तीन तास बसवून ठेवलं हे त्याच्या लक्षातही येणार नाही.

आता कापणीचं बघा. गाडी बागेला लागल्याशिवाय घड कापून उपयोग नाही, कापलेला माल उन्हात पडला की खराब, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दादा कापणी करणाऱ्या मजुरांच्या टोळीला पहाटे पाचला बोलवायचा आणि गाडी यायची नऊला, दहाला, कधी बारा वाजता. मजुरी वजनावर, म्हणजे जेवढा माल भरला तेवढे पैसे, बसलेल्या वेळाचं काहीच नाही. टोळी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, बायका रात्रीच उठून भाकरी थापून, तान्ही पोरं सासूकडे ठेवून पिकअपमध्ये उभ्यानं येणार, आणि मग बांधावर बसून राहणार. त्यानंतर भर दुपारी वीस-पंचवीस किलोचा एकेक घड खांद्यावरून रस्त्यापर्यंत न्यायचा, चीक गळतोय, केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे ज्यांनी धुतलंय त्यांनाच माहीत. दादाला विचारलं तर म्हणायचा, "माणसं हाताशी असलेली बरी."

मग श्रावणाच्या तोंडावर, उपवासाची मागणी, भाव चढलेला, आणि टोळी दुसऱ्याकडे गेली. दादानं क्विंटलमागे जास्त पैसे देतो म्हणून निरोप पाठवला, कुणी आलं नाही. शेवटी स्वतः पाड्यावर गेला. मुकादम म्हातारा माणूस, शांतपणे म्हणाला, "भाऊ, ड्रायव्हरला तुम्ही दर तासाला फोन करता, कुठं पोचला विचारता. तीच गोष्ट आम्हाला सांगायला कधी एक फोन नाही केला."

दादा घरी येऊन चिडून हे सगळं सांगत होता, की बघा आता लोकांना फोन करून आमंत्रण द्यायचं, आणि वहिनी वाढता वाढता म्हणाली, "त्यांना दुसरीकडे जाता आलं म्हणून तुम्हाला कळलं. मी कुठं जाऊ?"

यामागचं सांगते. वहिनी शाळेत शिकवते, सकाळी सहापासून पायावर उभी. दादा रात्री कधी येणार ते कधीच सांगायचा नाही, नऊ, अकरा, काहीही. आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर त्याला तव्यावरची गरमच लागते. तो यायचा तोवर ती उपाशी. याच्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मी कुठं अडवलं, जेवून घ्यायचं ना!" ऐकायला किती बरोबर वाटतं. पण घरात मावशी आहे, नवऱ्याआधी सून जेवली की मावशीचं तोंड कसं होतं हे त्या घरात फक्त वहिनीला सोसायचं होतं. बंद खोलीत दिलेली परवानगी स्वयंपाकघरात चालत नाही हो. तेच वाक्य आईसमोर बोलायला हवं होतं, आणि ते फक्त तोच बोलू शकत होता.

त्या रात्री काही जादू झाली नाही. दोन-तीन दिवस तो गप्प होता, मग वहिनीला विचारायला लागला की तू किती वाजता उठतेस, शाळेतून आल्यावर काय करतेस, भूक कधी लागते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे प्रश्न! वहिनीला आधी रागच आला, आणि मला तिचा राग पटतो. पण प्रश्न बरोबर होते. मग एक दिवस मावशीसमोर म्हणाला, "आई, आठ वाजता तुम्ही दोघी जेवून घ्यायचं, मी आलो की माझं मी घेईन." मावशी आठवडाभर फुगली होती. आता तीच आठला ताट घेऊन बसते, तिलाही इतकी वर्षं भूक लागतच होती की!

आपण साने गुरुजींचं काळीज आईचं होतं म्हणून त्यांना नमस्कार करतो आणि मोकळे होतो. पण १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना हा माणूस वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या गुपचूप झाडायचा, त्यांचे कपडे धुवायचा. कुणाची खोली घाण आहे, कुणाचे कपडे तसेच पडलेत, हे आधी बघावं लागतं ना? ते बघणं दादासारख्या माणसालाही जमतं, त्याला संत व्हायची गरज नाही.

आता लोक दादाचं फार कौतुक करतात, किती बदलला भो म्हणून. मला ते कौतुक जरा खुपतं. बदलायचा खर्च कुणी केला? उपाशी वहिनी राहिली, रोजगार टोळीचा बुडाला. वहिनी अजूनही कधीकधी जुनं काढते आणि दादा ऐकून घेतो, तेवढं त्यानं ऐकलंच पाहिजे.

टोळी परत आली, पण मुकादमाच्या अटीवर. गाडी जवळ आल्याचा फोन आल्यावरच पाड्यावरून निघायचं आणि त्यानंतरही उशीर झाला तर बसलेल्या वेळाचे पैसे वेगळे. बाकीचे व्यापारी दादावर नाराज आहेत, टोळ्यांना सवयी लावतो म्हणतात. माझं या सगळ्यांना सरळ सांगणं आहे, तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर ड्रायव्हर लोकेशन पाठवतो, तेच मुकादमाला फॉरवर्ड करायला एक पैसा लागत नाही. येत्या कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, कापणीपासून करा. आणि घरी किती वाजता पोचणार त्याचाही मेसेज टाका, आईला आणि बायकोला, दोघींना.