‘कारकून’ म्हणालात, म्हणून हे उत्तर

मागच्या लेखात विद्यापीठातल्या फार्मसी संशोधनाच्या डेटा सेंटरमध्ये पडद्यामागे कोण कोण असतं, ते लिहिलं होतं. मेडिकलच्या दुकानांकडून बिलांच्या फाइली मागवणारा, औषधांना कोड देणारा फार्मासिस्ट, नावं जुळवणारी प्रोग्रॅमर, किल्ली सांभाळणारी व्यक्ती, संख्याशास्त्रज्ञ. त्याखाली ‘एक जुना फार्मासिस्ट’ या नावाने ही प्रतिक्रिया आली:

“बाई, आकडे भरणाऱ्या कारकुनांना एवढं डोक्यावर घेऊ नका. संशोधन गाईड करतो, ही माणसं एक्सेलमध्ये टाइप करतात. अमॉक्सिसिलिनचा आकडा चुकलाय तो आधी सुधारा. बिल फाटलं म्हणजे गोळी पोटात गेली असं होत नाही. आणि लोकांच्या आजारांची माहिती त्यांना न विचारता वापरायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?”

‘बाई’ शाळेतल्या शिक्षिकेलाही म्हणतात आणि नळावर भांडतानाही म्हणतात. तुमची कुठली, ते त्याच वाक्याच्या उरलेल्या भागावरून कळलं. मतभेद असू द्या, पण टोपणनावाआड बसून माणसांना ‘ही माणसं’ म्हणायची गरज नव्हती. ज्या बडोद्यात १८९० साली हातातल्या कसबाला मान मिळावा म्हणून कलाभवन निघालं, त्याच बडोद्यातून तुम्ही लिहिता आहात (तुम्हीच तसं लिहिलंय), म्हणून जास्त खटकलं.

जे कबूल करायचं ते आधी करते. अमॉक्सिसिलिनच्या तोंडी औषधाचा डीडीडी, म्हणजे मोठ्या माणसाचा दिवसाचा सरासरी डोस म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत धरलेला आकडा, मी १ ग्रॅम लिहिला होता. २०१९पासून तो १.५ ग्रॅम आहे. ५०० मिलिग्रॅमच्या १५ कॅप्सूल म्हणजे साडेसात ग्रॅम. जुन्या आकड्याने ते ७.५ दिवसांचे डोस होतात, नव्याने ५. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आता मला सांगा, २०१८ची आणि २०२०ची विक्री शेजारी ठेवताना दोन्ही वर्षांना एकच आकडा लावायचा, नाहीतर विक्री तेवढीच असूनही वापर तिसऱ्या हिश्श्याने घटल्यासारखा दिसतो, हे कोण लक्षात ठेवतं? गाईड? असो.

आता तुमचं ते वाक्य. ‘एक्सेलमध्ये टाइप करतात.’

पहिली गोष्ट, कुणी काही टाइप करत नाही. दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून फाइल निघते आणि ती एक्सेलमध्ये उघडायची नाही, हा डेटा सेंटरमधला पहिला नियम असतो. का? काही सॉफ्टवेअर दहाची एक स्ट्रिप आणि सुट्या पाच गोळ्या ‘१:५’ असं लिहितात. एक्सेल त्याला घड्याळ समजतं, एक वाजून पाच मिनिटं, आणि पोटात ०.०४५१ असा आकडा ठेवतं. फाइल तशीच सेव्ह केली की पंधरा गोळ्या गेल्या. तारखांचं तेच. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर ०३/०४ म्हणजे ४ मार्च होतो, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर होऊन बसतात. अर्ध्या तारखा उलट्या आणि अर्ध्या मुक्या. म्हणून प्रत्येक रकाना आधी मजकूर म्हणून आत घ्यायचा, मग नियम लिहून फोडायचा, आणि मूळ फाइल कुणी हात लावणार नाही अशी बाजूला ठेवायची. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२०मध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले ते याच जातीच्या चुकीमुळे: जुन्या एक्स-एल-एस फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते.

बरं, फाइल नीट आत आली. संख्येच्या रकान्यात २ आहे. दोन काय? दोन स्ट्रिपा की दोन गोळ्या? एकाच दुकानात दोन्ही सापडतं, कारण सकाळचा मुलगा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. याचा निकाल पैशांवरून लावतात. बिलाच्या रकमेला संख्येने भागायचं आणि छापील किमतीशी ताडायचं. दहा गोळ्यांची स्ट्रिप ६० रुपयांची असेल आणि २ला १२० लावले असतील तर स्ट्रिपा. १२ लावले असतील तर गोळ्या. वर कुणी दहा टक्के सूट देतो, कुणी वीस, म्हणून थोडी ढील ठेवावी लागते. ढील जास्त झाली की दहाची आणि पंधराची स्ट्रिप एकमेकींत मिसळते, कमी झाली की निम्म्या ओळी ‘तपासा’ खाली येऊन पडतात. ती किती ठेवायची हा संशोधनातलाच निर्णय आहे, साहेब.

थायरॉक्सिनची बाटली घ्या, १२० गोळ्यांची. बिलावर संख्या १. कुणी न बघता ‘१ गोळी’ धरली, तर १२० दिवसांतला एकच दिवस औषधाचा, म्हणजे ०.८ टक्के. बाटली धरली तर शंभर. औषध नियमित घेतलं असं म्हणायला सहसा ८० टक्क्यांची रेघ ओढतात. त्या एका रकान्यावर ‘बडोद्यातले थायरॉइडचे पेशंट औषधच घेत नाहीत’ असा निष्कर्ष उभा राहू शकतो, आणि तो सांख्यिकीच्या सगळ्या कसोट्यांत पासही होईल. इन्सुलिनमध्ये उलट घोळ. आपल्याकडची १० मिलिची वायल सहसा मिलिलिटरला ४० युनिटची असते, म्हणजे ४०० युनिट, डीडीडी ४० धरला तर दहा दिवस. परदेशी सूत्र तसंच उचललं तर मिलिलिटरला १०० युनिट धरले जातात, आणि दहाचे पंचवीस दिवस होतात. पेनाचं ३ मिलिचं कार्ट्रिज मात्र खरंच १००चं, ३०० युनिट. एकाच औषधाला दोन नियम, आणि ते लिहून ठेवणारा माणूस काउंटरवर उभा राहिलेला असावा लागतो.

रिटर्न राहिलंच. गिऱ्हाईक दहा गोळ्या परत करतं, सॉफ्टवेअर −१० लिहितं, बहुधा पुढच्या महिन्याच्या फाइलमध्ये. नवशिका विश्लेषक ‘वजा संख्या म्हणजे चूक’ म्हणून ओळ उडवतो. मग न घेतलेली गोळी घेतलेली ठरते. (तुमचा पोटात गोळी जाण्याचा मुद्दा इथे थोडासा बसतो, तेवढा घ्या.)

कोड देणं हे तर तुमच्याच शिक्षणाचं काम. ग्लायकोमेट जीपी १ ही मधुमेहाची गोळी, तिच्या नावातला १ हा ग्लिमेपिराइडचा १ मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन ५०० आत दडलेलं, नावात त्याचा आकडा नाही. एटीसी, म्हणजे औषधांना कोड देण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत नुसतं मेटफॉर्मिन ए१०बीए०२, पण ही जोडगोळी ए१०बीडी०२. फक्त पहिला कोड शोधला तर आपल्याकडच्या मेटफॉर्मिनचा मोठा हिस्सा हिशोबातून गळतो. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी दिलं तर बी०१एसी०६, डोकं दुखतंय म्हणून दिलं तर एन०२बीए०१. इकोस्प्रिन ७५ पहिल्यात, डिस्प्रिन दुसऱ्यात. जुन्या फार्मासिस्टला हे सांगावं लागतं, याचंच आश्चर्य.

आणि आता खास बडोद्याचं. माणूस कसा ओळखायचा? मोबाइल नंबरवरून नाही, कारण मुलाच्या एका नंबरावर आई, वडील आणि सासूबाई असतात. तिघांची औषधं एकत्र केली की कुठलाही डॉक्टर लिहिणार नाही असा पेशंट तयार होतो. नावावरून म्हणाल, तर सगळीकडे शिकवली जाणारी साउंडेक्स पद्धत, जिचं पेटंट १९१८ साली अमेरिकेत घेतलं गेलं, पहिलं अक्षर ठेवते, स्वर गाळते आणि पुढच्या व्यंजनांना तीन आकडे देते. तिच्यात पाटील आणि पटेल दोघेही पी३४०! बडोद्यात याचा अर्थ काय होतो ते कल्पनेवर सोडते. उलट वाघमारे डब्ल्यूने लिहिले तर डब्ल्यू२५६, व्हीने लिहिले तर व्ही२५६, म्हणजे एकाच घरातले दोन परके. चव्हाणांचं बिल करणाऱ्याने चौहाण ऐकलं की सी१५०चं सी५०० होतं. गायकवाड मात्र राजघराण्यासारखं ई घालून लिहा किंवा आय घालून, दोन्ही जी२३०च. नशीब. त्याशिवाय सुशीला, सुशीलाबेन, सुशीलाबाई. म्हणून आधी भाई, बेन, बाई, राव काढून टाकायचे, मग नाव, आडनाव, वय दोन वर्षांच्या फरकाने, नंबर, डॉक्टर, राहण्याचा भाग, अशा प्रत्येकाला गुण द्यायचे. भरपूर गुण, तर एकच माणूस. फार कमी, तर वेगळा. मधला जो पट्टा उरतो तो एक माणूस डोळ्यांनी बघतो, जोडी जोडीने, आणि का जुळवलं किंवा नाही जुळवलं ते शेजारी लिहितो. नावं बघणाऱ्याला औषधं दिसत नाहीत, औषधं बघणाऱ्याला नावं दिसत नाहीत.

पुढच्या टेबलावर फाइल जाते तेव्हा नंबराच्या जागी एक लांबलचक खूण असते. नंबर नुसता हॅश करून, म्हणजे ठरलेल्या गणिती सूत्राने खुणेत बदलून, चालत नाही. आपले नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. ते सगळे हॅश करून ताडून बघायला साध्या संगणकालाही फार वेळ लागत नाही. म्हणून त्यात एक गुप्त किल्ली मिसळावी लागते, ती प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायची नाही, आणि सांभाळणारा विश्लेषणाच्या गटातला नको. किल्ली हरवली तर पुढच्या वर्षीचा डेटा मागच्या वर्षीशी जुळणार नाही. फुटली तर सगळ्यांचे नंबर बाहेर. यालाही तुम्ही कारकुनीच म्हणाल.

मी बी.फार्म. आहे, या कामात १७ वर्षं आहे, त्याआधी बडोद्याच्या रावपुऱ्यात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिले आहे. हे मिरवायला सांगत नाही. तुम्ही ‘जुना’ हा शब्द नावातच घालून आलात, म्हणून माझंही जुनेपण टेबलावर ठेवलं, एवढंच.

‘संशोधन गाईड करतो’ याबद्दल. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखक कोण, याच्या चार अटी सांगते. पहिल्याच अटीत डेटा मिळवणं आणि त्याचं विश्लेषण येतं. बाकी तीन म्हणजे मसुदा लिहिणं किंवा तपासणं, शेवटच्या प्रतीला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. आपल्याकडे युक्ती अशी होते की पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुदा दाखवायचाच नाही, आणि मग ‘बाकीच्या अटी पूर्ण होत नाहीत’ म्हणून आभारात ढकलायचं. समितीने हेही लिहून ठेवलंय की पहिल्या अटीत बसणाऱ्याला उरलेल्या कामात भाग घ्यायची संधी दिली पाहिजे. ते वाक्य कुणी वाचत नाही. कामांच्या वाटपाची ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी आहे, तिच्यात डेटाची निगा ही वेगळी भूमिका आहे. कारकून अशी भूमिका मला त्यात सापडली नाही.

डेटामागची माणसं दिसत नसली की काय होतं, तेही सांगते. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर पेपर आला: ६७१ हॉस्पिटलं, ९६,०३२ पेशंट. ४ जूनला तो मागे घेतला गेला, कारण ज्या कंपनीचा डेटा होता तिने मूळ नोंदी स्वतंत्र तपासणीला दिल्या नाहीत. संशय कशावरून आला? बऱ्याच गोष्टींवरून, त्यातली एक म्हणजे ऑस्ट्रेलियातले मृत्यू त्या वेळच्या अधिकृत आकड्यापेक्षा जास्त भरत होते, ७३ विरुद्ध ६७. बाहेरचा आकडा शेजारी ठेवून बघणं. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी करतात: सेफिक्झिम या अँटिबायोटिकची बिलं दुकानाच्या एच-१ रजिस्टरशी, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीच्या वेगळ्या वहीशी, ताडतात. मार्च २०१४पासून ते रजिस्टर ठेवावंच लागतं, पेशंटचं नाव आणि संख्या त्यात असते, तीन वर्षं जपायचं असतं. तुम्ही ते भरलं असेल. की तेही मुलाकडून भरून घेतलंत?

उरलेलं थोडक्यात. बिल म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही, हे आम्हाला माहीत नाही असं वाटलं का? प्रत्येक पेपरमध्ये मर्यादांच्या परिच्छेदात ती ओळ असते. पुढे. ‘न विचारता’ हा शब्द तुम्ही असा फेकलात, जणू आम्ही कुणाच्या कपाटात हात घातला. किल्लीचं वर लिहिलंय, एथिक्स कमिटीची परवानगी असते, आणि २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही या अटीवर. यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तोवर तुमच्यासाठी एका दुकानाच्या फाइलमध्ये येतात तशा चार ओळी खाली देते. पेशंट एकच. किती गोळ्या आणि किती दिवस, ते सांगा. टाइप करायचंच काम आहे, काका, जड जाऊ नये.

थायरॉक्सिन ५०, संख्या १
ग्लायकोमेट जीपी १, संख्या ३
इकोस्प्रिन ७५, संख्या १:५
ग्लायकोमेट जीपी १, संख्या −१०