काचेची विजार

फिनलंडमधल्या एस्पोत तीन हिवाळे काढल्यावर माझ्या बायकोला अभिरुची झाली. सर्दी होते, तशीच. एका शनिवारी आम्ही जुन्या बाजारात गेलो, ते आईसाठी लोकरीचे मोजे घ्यायला. परत आलो ते फुलदाणी घेऊन. मोजे राहिलेच. फुलदाणीच्या बुडावर बारीक अक्षरांत इथल्या नामवंत वास्तुकाराचं नाव आणि नमुन्याचा आकडा कोरलेला : अल्वार आल्टो, ३०३०.

सांगलीला फोन केला तर भाऊ म्हणाला, “फिनलंडला जाऊन आल्टोच घेतलीस?”

फिनिशमध्ये आल्टो म्हणजे लाट. वरून पाहिलं तर मला मात्र ती तव्यावर बिघडलेल्या पहिल्या घावनासारखी दिसते. १९३६ साली आल्टोसाहेबांनी एका स्पर्धेला या घाटाची चित्रं पाठवली आणि वर नाव दिलं, ‘एस्किमो बाईची चामड्याची विजार’. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी फुलदाणी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पोचली, हेलसिंकीच्या साव्हॉय रेस्टॉरंटमध्येही मांडली गेली. हे सगळं बायकोने फोनवर वाचून दाखवलं, नेमकं आईसमोर.

“विजार ना? मग देवाजवळ नको ठेवू,” आई म्हणाली.

फुलदाणीच्या आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर होता. ‘धुतला की जाईल’ असं बाजारात मीच म्हणालो होतो, त्यामुळे धुणं माझ्याकडे आलं. अशी एक फुलदाणी घडवायला सात कारागीर आणि ११०० अंशांची भट्टी लागते म्हणे. धुवायला मात्र एकटा मी आणि बाटल्या घासायचा ब्रश. तो सरळ चालीचा. लाटेच्या पहिल्याच वळणावर अडकला. मग व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून अर्धा तास फुलदाणी खुळखुळवली.

शेवटी आईने पदर खोचला. घरात काचेचा खरा अनुभव तिलाच. लहानपणी रोज संध्याकाळी कंदिलाच्या काचा तीच पुसायची. “राख आण,” म्हणाली. एस्पोत राख कुठली? आमच्या इमारतीतला सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तीसुद्धा विजेवर चालते. मग दिवाळीसाठी आणलेली रांगोळी निघाली. ओरखडे पडतील म्हणून बायको कळवळली, पण तोवर उलथन्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून आई दुसऱ्या वळणापर्यंत पोचली होती.

आणि काय सांगू, लख्ख! धुऊन पालथी घातली, तिघांनी चहा घेतला.

सकाळी पाहतो तो साय जागच्या जागी.

पुन्हा घासली. ओली असताना स्फटिक, वाळली की ताक. असं तीन रात्री चाललं. चौथ्या दिवशी मी ती कुशीत धरून मेट्रोने हेलसिंकीला, जुन्या काचेच्या एका दुकानात नेली. दुकानदार खास फिनिश माणूस. दोन वाक्यांच्या मध्ये आपलं जेवण उरकेल. त्याने ती उजेडात धरली, फिरवली, खाली ठेवली.

“काच आजारी आहे.”

बऱ्याच वेळाने कारणही सांगितलं. वर्षानुवर्षं पाणी साचून राहिलं की ते काचेतला सोडा ओढून घेतं आणि पृष्ठभागच झिजतो. तो मळ नव्हे, मग घासून जाणार कसा? पाणी भरलं की खाचा भरतात, म्हणून दिसत नाही, इतकंच.

“उपाय?”

“कोरडी ठेवा.”

म्हणजे पाणी भरलं तर सुंदर दिसणार आणि आणखी आजारी पडणार. कोरडी ठेवली तर तब्येत सांभाळणार, पण कळकट दिसणार. आमच्या एका आत्याबाईंचं असंच होतं, पण ते असो.

बरं, नुसतं पाणी दिसायला बावळट, म्हणून बायकोने ट्यूलिप आणले. तोंड इतकं ऐसपैस की दहा ट्यूलिप दहा दिशांना कलंडले, निम्मे थेट टेबलावर. “विजारीला नाडी नाही,” आईने निदान केलं आणि बागेतल्या बर्चच्या बारीक फांद्या आत आडव्यातिडव्या खोचून फुलं उभी केली. ती उभी राहिली, हे बायकोला अजून पचलेलं नाही.

आता फुलदाणी दिवाणखान्यात खिडकीत असते, कोरडी. जवळच पाण्याचा तांब्या. परवा शेजारच्या बाई यायच्या होत्या. दाराची घंटा वाजली आणि आई आतून ओरडली, “अरे, पाणी भर!”