कागदावरच्या बागा आणि मातीचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘कागदावरच्या बागा’ या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. फुलांच्या उमलण्या-मिटण्यावरून वेळ सांगणारी बाग, डोळे मिटून नुसत्या गंधांच्या आणि आवाजांच्या आधारे फिरायची बाग आणि चांदण्यात पाहायची पांढरी बाग, अशा तीन कल्पना मी त्यात मांडल्या होत्या. आपला आक्षेप थोडक्यात असा : बाग माती, पाणी आणि ऊन यांच्या हिशेबातून उभी राहते, तो हिशेब बाजूला ठेवून रंगवलेली स्वप्ने नवख्या माणसाला भुलवतात, त्याचे पैसे आणि झाडांचे जीव दोन्ही वाया घालवतात, म्हणून लिहिणाऱ्याने स्वतः वाढवलेल्या बागेबद्दलच लिहावे. आपला बागकामाचा अनुभव आपल्या प्रत्येक वाक्यात जाणवतो, आणि म्हणूनच दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही.

हिशेब हवाच, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो क्रमाबद्दल. आधी हिशेब आणि मग जमल्यास कल्पना, असे आपण म्हणता. माझ्या मते लहरी वाटणारी कल्पना आधी आली, तर हिशेब अधिक चोख होतो. रोपवाटिकेत गेलेल्या माणसासमोर शेकडो कुंड्या असतात आणि त्यांतले जवळजवळ सगळेच त्याला आवडते. ‘ही बाग वेळ सांगणार आहे’ एवढे एक वाक्य मनाशी पक्के असेल, तर त्यातली बहुतेक रोपे तो आपोआप मागे ठेवतो आणि उरलेल्यांविषयी नेमके प्रश्न विचारू लागतो.

वेळ सांगणाऱ्या बागेला आपण ‘निव्वळ कविकल्पना’ म्हटले आहे. ही कल्पना मुळात एका शास्त्रज्ञाची आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५१ साली ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात फुलांच्या घड्याळाची मांडणी केली आणि फुलांचे तीन गट पाडले : हवामानानुसार उमलण्याची वेळ बदलणारी, दिवसाच्या लांबीनुसार बदलणारी आणि ठरावीक वेळ पाळणारी. घड्याळाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो तिसरा गट. लिनियस यांनी दिलेल्या वेळा स्वीडनमधल्या, उत्तरेकडच्या उप्साला शहरातल्या असल्यामुळे त्या जशाच्या तशा उचलून दुसरीकडे चालत नाहीत. ज्याला असे घड्याळ हवे असेल त्याला स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या डोळ्यांनी वेळा टिपाव्या लागतात, आणि नवख्या माणसाला यापेक्षा चांगला अभ्यास मी तरी देऊ शकणार नाही.

लेखात मी ज्या मांडवाचा ओझरता उल्लेख केला होता, त्याचेच उदाहरण घ्या. एका मांडवावर दोडका आणि घोसाळे शेजारी शेजारी चढवायचे. दोन्ही वेल सख्ख्या कुळातले, दोन्हींची फुले पिवळी. पण घोसाळ्याचे फूल पहाटे ते सकाळच्या सुमारास उमलते, तर दोडक्याचे फूल संध्याकाळी. त्यांच्या जोडीला पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटणारा लाल भोपळा आणि संध्याकाळी पांढरी फुले उघडणारा दुधी लावला, की मांडवावर दिवसाचे दोन प्रहर उमटतात. हे दिसायला खेळासारखे आहे, पण खेळणाऱ्याला त्यातून काय कळते ते पाहा. दोडक्याची नर फुले तुऱ्यात येतात. मादी फूल एकटे येते आणि त्याच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढा, शिरा उमटलेला दोडका आधीपासूनच असतो. परागण झाले नाही, तर तो पिवळा पडून गळतो. सकाळी उशिरा पाणी घालायला येणाऱ्याला मिटलेलीच फुले दिसतात, त्यामुळे गळतीचा दोष तो खताला देतो. घड्याळाच्या नादाने दिवेलागणीला मांडवाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र कळते, की नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकवण्याची वेळ तीच आहे. त्याचे पीक वाचते ते या लहरीमुळे.

जागेचा विचार आधी हवा, या आपल्या मुद्द्यालाही मी याच दिशेने उत्तर देईन. इटलीतील बोमार्झो येथे सोळाव्या शतकात विचिनो ओर्सिनी यांनी राक्षस, हत्ती आणि अजस्र कासव यांचे जे उपवन उभारले, त्यातली शिल्पे बाहेरून आणलेली नाहीत. त्या उतारावर मुळातच असलेल्या खडकांत ती जागच्या जागी कोरलेली आहेत. दुसरा एखादा मालक खडक आड येतात म्हणून कुरकुरला असता. स्पेनमधल्या बार्सिलोनातील पार्क ग्वेल (१९००–१९१४) हे उद्यान तर पाण्याच्या हिशेबाचेच उदाहरण आहे. वरच्या मोकळ्या चौकात पडलेले पावसाचे पाणी खालच्या ८६ खांबांमधून उतरून भूमिगत टाक्यात साठावे, अशी योजना वास्तुरचनाकार अंतोनी गाउदी यांनी केली. टाक्याची क्षमता सुमारे १२ लाख लिटर आहे, आणि जिन्यावर पसरलेला तो प्रसिद्ध रंगीत सरडा या टाक्याचा सांडवा म्हणून घडवलेला आहे. सरडा वगळला असता तरी सांडव्याला तोंड लागलेच असते. गाउदींनी त्या तोंडाला जीव दिला.

आपल्या दोन इशाऱ्यांना मात्र मी मनापासून दुजोरा देते, कारण तिथे चूक झाली तर ती अंगावर येते. गच्चीवर टेकडी रचण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे, की ओली माती फक्त ३० सेंटीमीटर जाड पसरली तरी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० किलोंचा भार येतो. संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. चांदण्यातल्या बागेत धोतऱ्याचे पांढरे कर्णे कितीही शोभत असले, तरी त्याचा प्रत्येक भाग विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या घरी ते नकोत. कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपे सांभाळणे झेपत नाही, हा आपला आक्षेप वेगळ्या प्रकारचा आहे. इंग्लंडमधील लेव्हन्स हॉलची झुडपे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून टिकून आहेत, पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची कातरणी आहे. ज्याला ती झेपेल त्याने ती हौस करावी.

राहिला ‘स्वतः वाढवलेल्या बागेबद्दलच लिहावे’ हा आग्रह. हंफ्री रेप्टन हा अठराव्या शतकाच्या अखेरीचा इंग्लिश उद्यानरचनाकार आपल्या ग्राहकांसाठी लाल बांधणीच्या वह्या तयार करीत असे. त्यांत जागेचे जलरंगातले चित्र असे आणि त्यावर एक झडप चिकटवलेली असे. झडप मिटलेली असताना आजची जागा दिसे, उचलली की उद्याची बाग. त्याच्या कित्येक योजना जमिनीवर उतरल्या नाहीत, तरी त्या वह्या आजही अभ्यासल्या जातात, कारण त्यांत स्वप्न आणि वस्तुस्थिती एकाच पानावर आहेत. नवख्या वाचकाला मी हेच सुचवीन : जागेचे छायाचित्र मोठे छापून घ्यावे, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून मनात येईल ती बाग मोकळेपणी काढावी, आणि मग दुसऱ्या कागदावर त्याच जागेचे दुपारचे ऊन, नळाचे अंतर आणि पाणी साचण्याच्या जागा दाखवून दोन्ही कागद एकमेकांवर ठेवावेत. जिथे रेघा अडतात तिथे कल्पना वाकवावी लागते. या टप्प्यावर एकही रोप मरत नाही, आणि खर्च होतो तो कागदाचाच.

आपण वर्षानुवर्षे वेलभाज्या लावत आला आहात, म्हणून एक विनंती. दुधी आणि दोडका आपल्याकडे कोणत्या महिन्यात किती वाजता उमलतात, ढगाळ दिवशी त्यात काय फरक पडतो, याच्या नोंदी आपण प्रतिक्रियेत दिल्यात, तर मांडवाच्या घड्याळाच्या पुढच्या आराखड्यात मी त्या आपल्या उल्लेखासह वापरीन.