शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा

आज 26 जानेवारी. गावच्या शाळेत झेंडावंदन झालं, लेझीम झालं, भाषणं झाली आणि मग शंभर टक्के उपस्थितीची प्रमाणपत्रं वाटली. पाहुण्यांनी एका पोराची पाठ थोपटली अन् माईकवरून सांगितलं, "याच्याकडून शिका, अंगात ताप होता तरी यानं शाळा बुडवली नाही." टाळ्या कडाडल्या. माझे हात काही उठले नाहीत. घरी आल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तापात आलेल्या त्या लेकराच्या शेजारी कोण बसलं होतं, हे विचारलं का कोणी?

माझ्या बहिणीची मुलगी सिकलसेलची आहे, एसएस, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजार असलेली. आपल्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही, गडचिरोली-चंद्रपूरपासून इकडे यवतमाळपर्यंत अशी लेकरं आहेत. साधा ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं, की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. मागच्या हिवाळ्यात तिच्या वर्गातला एक मुलगा अंगात कणकण घेऊन आला. मानेवर दोन-चार पुरळ. मॅडमनी घरी जा म्हटलं तर रडायलाच लागला, "मॅडम, माही हजरी तुटन." मॅडम विरघळल्या. दिवसभर तो वर्गात बसला, खिचडीच्या पंगतीत माझ्या भाचीला खेटून. कांजण्या होत्या त्या.

कांजण्या पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, ते थेट शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. आणि लागण झाली की दिसायला 10 ते 21 दिवस जातात. त्यामुळे तिकडे प्रमाणपत्राची तयारी सुरू असते अन् इकडे भलतंच लेकरू अंथरुणाला खिळतं, या दोन गोष्टींचा संबंध कोणी लावतच नाही. भाचीला ताप चढला तेव्हा रात्री गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं. पाय धरून ओरडत होती पोरगी. कोणी म्हणेल, तो आदल्या दिवशी आला तेव्हाच लागण झाली असेल. असेल. म्हणून डोळ्यांना पुरळ दिसल्यावरही बसवून ठेवायचं?

अन् हे कांजण्यांचं झालं. गोवराचा विषाणू तर लेकरू उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत राहतो. गोवराची लस निदान सरकारी दवाखान्यात मिळते, 9 महिन्यांनी आणि मग 16 ते 24 महिन्यांत. कांजण्यांची सरकारी यादीत नाही, विकत घ्यावी लागते. आपल्या गावात किती जण घेतात, हे तुम्हीच सांगा.

त्या मुलाच्या आईवर माझा राग नाही. मी तिच्याशी बोलले होते. "घरी कोनापाशी ठेवू याले? वेचनी सुरू आहे," एवढंच म्हणाली ती. कापूस वेचायची मजुरी किलोवर. शेतात गेली नाही तर त्या दिवशी हातात काहीच नाही. आणि पोरगं घरी राहिलं तर त्याचं दुपारचं जेवणही बुडतं. ज्या माऊलीपुढे हे सगळं आहे, तिला आपण वरून प्रमाणपत्राचं आमिष दाखवतो! त्या लेकराचं तरी काय चुकलं? आपणच त्याला शिकवलं की आजार लपवून आलास तर तू शहाणा.

हजेरीला महत्त्व आहे, कबूल. वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे होतात, शिक्षक मेटाकुटीला येतात. मुली शाळेत टिकाव्या म्हणून 1992 पासून गरीब घरच्या मुलींना रोज 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, तो काही उगीच नाही. पण भत्ता शाळेत येण्यासाठी आहे, ताप घेऊन येण्यासाठी नाही.

कोरोनात आपण काय करत होतो? शिंकणारं पोरगं फाटकातूनच परत पाठवत होतो. शाळा बंद होती तेव्हा पोषण आहाराचा तांदूळ अन् कडधान्य घरी देत होतो. म्हणजे जमतं. आजारी लेकराचा डबा भावंडाच्या हातून घरी पाठवायला काय लागतं? गुरुजींनी बरं होईपर्यंत घरी राहायला सांगितलं असेल तर ते दिवस बक्षिसाच्या हिशोबात धरू नका. खरं तर ते बक्षीसच काढून टाका. द्यायचंच तर ताप आल्याचं वेळेवर सांगणाऱ्या लेकराला द्या.

माझी भाची बरी आहे आता. वर्षभरात तिची शाळा किती बुडाली, हे हजेरीपटावर दिसतं. का बुडाली, ते तिथं दिसत नाही. तिला तसलं प्रमाणपत्र कधीच मिळणार नाही, आणि ते कोणाला मिळालं की तिला टाळ्या वाजवाव्या लागतात. याचाच मला जास्त राग येतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, अन् निम्म्या बाया. म्हणजे हा निर्णय आपल्याच हातात आहे, वरून आदेश यायची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. हे वाचणारे जे शिक्षक आहेत त्यांनी सांगा, तुमच्या शाळेत कोणी हे बक्षीस बंद केलंय का, आणि पालकांना कसं समजावलं?