शब्द म्हणे फक्त ७ टक्के!

एक फॉरवर्ड दर चार-सहा महिन्यांनी फिरून येतो. आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत कशातून किती पोचतं ते दाखवणारं रंगीत वर्तुळ, त्यात ५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाज, आणि कडेला चिंचोळी फाक: शब्द, ७ टक्के. खाली चार विधानं. हे विज्ञानाने सिद्ध झालंय. डोळे कधी खोटं बोलत नाहीत. भाव चांगला असला की शब्दांचं फारसं काही नसतं. आणि गैरसमज झालाच, तर दोष ऐकणाऱ्याचा. परवा हेच वर्तुळ एका प्रशिक्षणात पडद्यावर आलं आणि शेजारचे लोक आकडे वहीत उतरवून घेऊ लागले, तेव्हा मला राहवेना.

आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत, हे आधी कबूल करते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांचे ते आकडे, १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आलेले. पण प्रयोगांत होतं काय? एकात 'थँक्स', 'मेबी', 'टेरिबल' असे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले आणि बोलणारीचा भाव काय वाटतो ते विचारलं. दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द तीन सुरांत, आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. फोटो! हात नाहीत, बसणं-उठणं नाही, हलणारं माणूसच नाही. वर्तुळातली '५५ टक्के देहबोली' ती हीच. शब्द, सूर आणि चेहरा हे तिन्ही एकाच प्रयोगात एकत्र तपासलेच नव्हते. दोन प्रयोगांचे निष्कर्ष जोडून ते सूत्र मांडलं गेलं. तेही एका नेमक्या प्रश्नापुरतं: शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, तर समोरच्याला आपल्याबद्दल आपुलकी आहे की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहरेबियन यांनीच सांगितलेलं आहे.

'मी कुठे रागावलेय?' असं कुणी ओठ आवळून म्हणालं तर आपण ओठांवर विश्वास ठेवतो. बरोबरच आहे. पण 'गाडी सव्वानऊची आहे' या वाक्यातलं ९३ टक्के चेहऱ्यावर आणि सुरात कुठे शोधायचं? (आणि कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेतले हात त्या ५५ टक्क्यांत टाकू नका. तिथे हात हेच शब्द.)

माझ्याच घरातली गोष्ट. मावशीला नवी गोळी सुरू झाली. चिठ्ठी माझ्याकडे, मावशी तिच्या घरी, म्हणून फोनवर सांगितलं: 'दोन दिवसांतून एकदा.' तिने ऐकलं 'दिवसातून दोनदा'. शब्द जवळजवळ तेच, जागा बदललेल्या, आणि डोस चौपट. माझा आवाज अगदी मायेचा होता हो. सूर शंभर टक्के पोचला असणार. पाकीट तीन दिवसांत निम्मं झालेलं तिच्या सुनेने पाहिलं म्हणून निभावलं.

डोळ्यांचं म्हणाल तर हे विधान मला सगळ्यात घातक वाटतं. खोटं बोलणारा नजर चुकवतो, अशी समजूत इतकी पसरलेली आहे की २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ देशांतल्या लोकांना खुणा विचारल्या, तर सगळ्यात जास्त वेळा हेच उत्तर आलं. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी चोवीस हजारांहून अधिक परीक्षकांचे निकाल एकत्र करून पाहिले. खरं कोणतं, खोटं कोणतं, हे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. आणि नुसतं पाहून ओळखणाऱ्यांची गत ऐकून ओळखणाऱ्यांपेक्षा वाईटच होती. लाजाळू माणूस, घाबरलेलं पोर, नजरेला नजर देणं ज्याला मुळातच जड जातं असा कुणी, हे सगळे या एका समजुतीपायी विनाकारण लबाड ठरतात. सराईत थापाड्या मात्र नजर रोखून बोलतो आणि सुटतो.

'भाव चांगला असला की झालं' यात थोडं तथ्य आहे. सूर काढून घेतला की काय होतं, हे २००५ च्या एका अभ्यासात दिसलं: ईमेलमधला उपरोध समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं, कळला ५६ टक्के वेळा, आवाजात तोच ७३ टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे सुराला वजन आहे. पण या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे: आपला भाव आपल्याला स्वच्छ दिसतो, म्हणून तो समोरच्यालाही दिसतच असणार, असं आपण धरून चालतो. शिवाय हसून मान डोलावणाऱ्याला उद्या जाब विचारता येत नाही. 'मी हो कुठे म्हणालो?' म्हणून तो मोकळा. 'करतो' असं तोंडाने म्हणालेला माणूस अडकतो. शब्दाला जागणं असा वाक्प्रचार आहे, हसण्याला जागणं असा नाही.

उरला ऐकणाऱ्याचा दोष. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, त्यातलं एक हे: एका विमानातून सांगितलं गेलं, 'आम्ही आता टेकऑफला आहोत.' नियंत्रकाला वाटलं, उड्डाणाच्या जागी थांबलेत. विमान तर धावायला लागलेलं. नियंत्रक 'ओके' म्हणाला, आणि थांबा असं सांगणारं त्याचं पुढचं वाक्य दुसऱ्या विमानाच्या संदेशाशी एकाच वेळी आल्याने खरखरीत विरलं. पुढे सुधारणा कशात केली? शब्दांत. 'टेकऑफ' हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. परवानगी नुसत्या 'ओके'वर भागवायची नाही, वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची. चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं.

मी मावशीला परत म्हणायला सांगितलं नव्हतं. 'कळलं ना?' एवढंच विचारलं, आणि 'कळलं ना' ला लोक 'हो'च म्हणतात. आता फोन ठेवायच्या आधी तीच मला थांबवते. 'थांब, म्हणून दाखवते. दोन दिवसांतून. एकदा. म्हणजे आज घेतली, की उद्या नाही. बरोबर?'