लुका, लॉटरी आणि 'सेटिंग'

'लीगने आधी लुका लेकर्सच्या पदरात टाकला, मग भरपाई म्हणून डॅलसला कूपर फ्लॅग दिला. सगळी सेटिंग.' मे 2025 मध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, ड्राफ्ट लॉटरी (नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणारी सोडत) झाली तेव्हापासून हा दावा फिरतोय. लुका हा डॅलसचा स्टार, तो फेब्रुवारीत लेकर्सकडे गेला; मग त्या लॉटरीत डॅलस पहिलं आलं आणि सगळ्यांना हवा असलेला नवा खेळाडू कूपर फ्लॅग त्यांना मिळाला. सोबत चार 'पुरावे' असतात. असा सौदा शुद्धीत असलेला माणूस करत नाही. लीगच्या मंजुरीशिवाय ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) होत नाही. ट्रेडनंतर काही महिन्यांतच लेकर्स 10 अब्ज डॉलर भावाने विकले गेले. आणि 1.8 टक्के शक्यता असलेला संघ लॉटरीत पहिला येऊच शकत नाही.

पहिला मुद्दा मलाही पटलेला होता. 2 फेब्रुवारी 2025, रविवारची सकाळ, पोह्यांची ताटली हातात, आणि पत्रकार शॅम्स शरानियाची पोस्ट: लुका लेकर्सकडे. अकाउंट हॅक झालंय असं वाटणाऱ्यांत मीही होतो. लुका डॉन्चिच 25 वर्षांचा. सलग पाच वर्षं ऑल-एनबीए पहिल्या संघात (वर्षातल्या सर्वोत्तम पाच जणांत). आठच महिन्यांपूर्वी त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं होतं. त्याच्या बदल्यात काय, तर बत्तिशीला टेकलेला अँथनी डेव्हिस, तरुण मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा 2029 चा पहिल्या फेरीतला एक पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याची पाळी). लेकर्सकडे 2031 चाही पिक होता, तोसुद्धा मागून घेतला नाही!

पण सौदा वाईट आहे म्हणजे तो बाहेरून कुणीतरी करवून घेतलाय, ही उडी कशाच्या जोरावर मारायची? डॅलसचा जनरल मॅनेजर निको हॅरिसन उघडपणे सांगत होता की बचावाच्या जोरावर अजिंक्यपदं मिळतात. लुकाच्या फिटनेसवरून संघात आधीपासून कुरबुर होती आणि नाताळच्या सामन्यापासून तो पोटरीच्या दुखापतीने बाहेर होता. उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांसाठी सुमारे 34.5 कोटी डॉलरचा सुपरमॅक्स (नियमांत बसणारा सर्वांत मोठा) करार द्यावा लागला असता. संघाची मालकी डिसेंबर 2023 मध्येच मार्क क्यूबनकडून एडेल्सन-ड्युमाँट कुटुंबाकडे गेली होती, त्यामुळे 'हे करू नकोस' म्हणणारा जुना माणूस आता निर्णयाच्या खोलीत नव्हता. हॅरिसन पूर्वी नाइकीत होता आणि लेकर्सचे सौदे करणारा रॉब पेलिंका हा तेव्हा लेकर्सचा स्टार कोबी ब्रायंट याचा एजंट. दोघांची ओळख त्या काळापासूनची. साधा वन बीएचके विकायला काढणारा माणूसही चार ठिकाणी भाव काढतो. हॅरिसन एकाच ओळखीच्या माणसाशी गुपचूप बोलला आणि मोकळा झाला. बोली लागली असती तर किती मिळालं असतं, या विचाराने डॅलसचे चाहते आजही हळहळतात. हा सगळा हिशोब चुकीचा होता, पण तो हॅरिसनचा स्वतःचा होता. 'सेटिंग' म्हटलं की त्याचीच सुटका होते, बिचारा हुकमाचा ताबेदार म्हणून.

मंजुरीचं काय? प्रत्येक ट्रेड लीगकडे जातो हे खरं. तिथे पगाराची बेरीज-वजाबाकी आणि नियम तपासतात, कोण फसतंय ते बघत नाहीत. तसं बघत असते तर अर्धे ट्रेड अडले असते. लीगने खरोखर हात घातल्याचं गाजलेलं उदाहरण डिसेंबर 2011 चं. ख्रिस पॉल न्यू ऑर्लिन्सहून लेकर्सकडे निघाला होता आणि आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी तो ट्रेड मोडला. तेव्हा न्यू ऑर्लिन्सचा संघ लीगच्याच मालकीचा होता, म्हणून तो अधिकार त्यांच्याकडे आला. आणि नुकसान कुणाचं झालं? लेकर्सचं. लेकर्सचं भलं करण्यासाठी टपून बसलेल्या लीगची ही पद्धत जरा विचित्रच म्हणायची.

विक्रीचा मुद्दा लवकर उरकतो. लेकर्सचं मालक असलेल्या बस कुटुंबाने मार्क वॉल्टर यांना बहुसंख्य हिस्सा द्यायचं ठरवल्याची बातमी जून 2025 ची. लुकाने लेकर्सशी नवा करार केला 2 ऑगस्टला. म्हणजे भाव ठरला तेव्हा लुका 2026 च्या उन्हाळ्यानंतर राहील की नाही याची खात्री नव्हती. शिवाय मार्चमध्ये बोस्टन सेल्टिक्सचा सौदा 6.1 अब्जांना ठरला होता, तिथे कुठला लुका आला होता? 2024 मध्ये लीगने 11 वर्षांसाठी सुमारे 76 अब्ज डॉलरचे प्रसारण करार केले. भाव सगळ्यांचेच चढले.

आता लॉटरी. खरी मजा इथे आहे.

यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे चेंडू असतात, त्यातले चार काढतात. क्रम धरायचा नाही, म्हणून चार-चार आकड्यांच्या एकूण 1001 जोड्या. एक बाजूला ठेवून उरलेल्या 1000 जोड्या 14 संघांत वाटल्या जातात, ज्याची कामगिरी जास्त खराब त्याला जास्त. डॅलसकडे 18 होत्या. सोडत टीव्हीवरच्या लिफाफ्यांच्या कार्यक्रमाआधी बंद खोलीत होते, आणि हीच गोष्ट लोकांना खुपते. खुपणं स्वाभाविक आहे. पण त्या खोलीत संघांचे प्रतिनिधी असतात, पत्रकार असतात, हिशोब तपासणाऱ्या कंपनीचा माणूस असतो. डोळ्यांदेखत फ्लॅग हातचा गेलेले संघ तिथेच बसलेले असतात. गडबड दिसली असती तर पहिला आरडाओरडा त्यांनीच केला असता.

'1.8 टक्के म्हणजे अशक्य' हे गणितही कच्चं आहे. एकट्या डॅलसकडे बघितलं तर आकडा लहान दिसतो. पण लॉटरीतल्या शेवटच्या सहा संघांचे टक्के जोडले तर साडेबारा होतात. म्हणजे साधारण आठ लॉटऱ्यांत एकदा त्यांच्यापैकी कुणीतरी पहिला यायचाच. आदल्याच वर्षी, 2024 मध्ये, अटलांटा 3 टक्क्यांवर पहिला आला होता. तेव्हा सेटिंग कुणाला आठवली नाही, कारण त्या वर्षी फ्लॅगच्या तोडीचं कुणी नव्हतं. शिकागो 2008 मध्ये आणि क्लीव्हलँड 2014 मध्ये 1.7 वर जिंकले. ऑरलँडो 1993 मध्ये त्याहूनही कमी शक्यतेवर.

(संशयच घ्यायचा तर डेव्हिसवर घ्या. 2012 मध्ये न्यू ऑर्लिन्स लीगच्या ताब्यातून नव्या मालकाकडे निघालं होतं, आणि लॉटरी जिंकून त्यांनी डेव्हिस मिळवला. 2019 मध्ये तो तिथून निघायचं म्हणत होता तर त्यांना पुन्हा लॉटरी लागली, झायन विल्यमसन मिळाला. मग डेव्हिस डॅलसला आला आणि फ्लॅग. हा माणूस पायगुणाचा आहे.)

भरपाईचीच गोष्ट असेल तर युटाचं काय? याच ट्रेडमधला तिसरा संघ तो. हंगामात 17 विजय, 65 पराभव, म्हणजे सगळ्यांत तळाला. तळाचा संघ लॉटरीत जास्तीत जास्त पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो. युटा नेमका पाचवा आला.

आणि डॅलस लॉटरीत पोहोचलं कसं ते बघा. कायरी अर्व्हिंगचा गुडघा मार्चमध्ये गेला. डेव्हिस पहिल्याच सामन्यात 26 गुण करून जायबंदी झाला. हंगाम संपला 39-43 वर, शिकागोच्या अगदी बरोबरीत. बरोबरी फोडायला वेगळी सोडत झाली. ती डॅलसने जिंकली म्हणून त्यांना 18 जोड्या आणि शिकागोला 17. त्याआधी प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या शेवटच्या जागा ठरवणारे सामने) डॅलसने सॅक्रामेंटोला हरवलं होतं. मेम्फिसलाही हरवलं असतं तर ते प्लेऑफमध्ये गेले असते आणि लॉटरीतून साफ बाहेर. फ्लॅगचा विषयच मिटला असता.

त्या मेम्फिसच्या सामन्यात डेव्हिसने 40 गुण केले. सेटिंगचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचला नसावा.